पहिली झुळूक

९ एप्रिल २०२५

समीक्षाबाय हिला मालूआत्याचा आशीर्वाद.

तू म्हणशील, आत्याला वेड लागलं, घरात मोबाईल असताना पोस्टाने पत्र पाठवते. मोबाईल प्रणितचा होता. आता तो तानाजीभावजींकडे असतो आणि ते बोलणं स्पीकरवर टाकतात, अख्खी आळी ऐकते. शिवाय फोनवर ऐकलेलं हल्ली माझ्या डोक्यात राहत नाही. कागद पुन्हा काढून वाचता येतो. सातवीपर्यंत शिकले ते कधीतरी कामाला येऊ दे.

तेराव्याला तू ठाण्याहून आलीस, माझ्याजवळ बसलीस, पण मी धड बोलले नाही. राग मानू नको. एकुलता एक पोर डोंगराच्या वणव्यात गेला आणि बाया मला विचारत होत्या, भाताला आधण किती ठेवू. मी पण सांगत होते. कुठून बोलत होते देव जाणे.

आता कामाचं लिहिते. वणवा भीमाबाईच्या राबाने लागला, असं सगळं गाव म्हणतं आणि मी पण म्हणते. तुला शहरात राहून माहीत नसेल म्हणून सांगते. भाताची रोपं टाकायची त्या जागेवर आपण पालापाचोळा, शेण, फांद्या रचून जाळतो, तो राब. गावाची रीत अशी की राब दुपारी लावायचा, खाडीकडून वारा सुटला की. तो वारा एकदा बसला की एका बाजूने वाहतो, आग सांभाळता येते. भीमाबाईने त्या दिवशी सकाळी लावला. सकाळी कोणी राब लावतं? मी विचारलं तर म्हणाली, लेक मनाली बाळंतीण आहे, दुपारचा धूर घरात शिरतो. तिचं घर डोंगराच्या अगदी पायाशी, तुला माहीत आहे. तिच्या राबाची ठिणगी डोंगरावर गेली आणि माझा पोर विझवायला गेला तो आलाच नाही. आणि तिचं घर बघ कसं वाचलं. कौलसुद्धा काळं पडलं नाही. माझा पोर गेला नि तिचं घर वाचलं, हे मला रोज दारातून दिसतं.

आमचं वरकस, म्हणजे डोंगरउताराची जमीन, ती माणसं अर्धेलीने, अर्ध्या पिकावर कसतात. भावजी म्हणतात, ते काढून घ्यायचं आणि घरही उठवायचं, जागा आपलीच आहे. अक्षय्यतृतीयेनंतर मारुतीच्या देवळात बैठक आहे. तुझी ती वारा मोजायची काठी शाळेच्या गच्चीवर आहे ना, प्रणितने चढून लावलेली? त्यात त्या दिवसाचा वारा असेल. भीमाबाईच्या राबाने आग लागली, असं तुझ्या संस्थेच्या कागदावर लिहून पाठव. मग कोणाचं तोंड राहणार नाही.

मालूआत्या

१६ एप्रिल २०२५
टेंभी नाका, ठाणे

प्रिय आत्या,

तुझं पत्र वाचून मी ऑफिसला गेलेच नाही. तू पत्रात विचारलं नाहीस तरी सांगते, मी रडले. तेराव्याला सगळ्यांसमोर जमलं नव्हतं.

ती काठी लावायला आम्ही आलेलो तेव्हा प्रणित मला खूप चिडवत होता. म्हणे, ताई, वारा मोजायला एवढं शिकलीस, आमच्या आईला विचारलं असतंस तर फुकटात सांगितलं असतं. मग स्वतःच गच्चीच्या कठड्यावर चढला, नट आवळले, खाली उतरून सेल्फी काढला. तो फोटो माझ्याकडे आहे. तुला हवा असेल तर मोठा करून पाठवते, नको असेल तर नाही पाठवत.

हो, काठीत त्या दिवसाचा वारा आहे. ती एका सेकंदात कितीतरी वेळा वारा टिपते, कारण मला वाऱ्याचा वेग तेवढा नको असतो, त्यातली खळबळ हवी असते. शेजारच्या पेटीत धूर किती होता तेही असतं. डोंबिवली-कल्याणवर उन्हाळ्यात जो धूर येऊन बसतो तो कुठल्या वणव्यांचा, हे शोधायला ते सगळं लावलेलं. आपल्याच माणसासाठी ते उघडावं लागेल असं वाटलं नव्हतं.

मी नीट बघून लिहीन. पण आत्या, मला जे दिसेल तेच मी लिहीन, हे आधीच सांगते. तोपर्यंत कोणाचं घर उठवू नका. आणि त्या सकाळचं तुला जे आठवतं ते लिही, किरकोळ वाटलं तरी.

तुझी
समीक्षा

२४ एप्रिल २०२५

समू,

फोटो नको. नंतर मागेन.

त्या सकाळचं सगळं आठवतं, तेच तर विसरता येत नाही. मी अंगणात बाजेवर कुरडया घातलेल्या, जुनं लुगडं पसरून. प्रणितने जाता-येता दोन ओल्याच तोंडात टाकल्या, मी हात मारला. एवढ्यात भीमाबाईच्या राबाचा धूर आला तो सरळ आमच्या अंगणात. कुरडया धुरकटल्या, वाळत घातलेले कपडे धुरकटले. मी बांधावर जाऊन तिला नको ते बोलले. ती पदर तोंडाला लावून राबावर माती ओढत होती, म्हणाली, वैनी, झालाच विझून. कुरडया मी तशाच डब्यात भरल्यात, तळल्या की अजून धुराचा वास मारतात. हा पुरावा नाही तर काय? तुझ्या कागदात हे पण घाल.

जेवणवेळेला पोरं ओरडत आली की डोंगराच्या माथ्यावर आग दिसते. बंब काही डोंगर चढत नाही. प्रणित, भावजींचा विनीत आणि चारसहा पोरं निरगुडीच्या फांद्या घेऊन झोडपायला गेली. भाकरी ताटात तशीच टाकून गेला. मी म्हटलं, खाऊन जा. तो म्हणाला, आल्यावर खातो.

बैठक जवळ आली. लवकर पाठव.

आत्या

३ मे २०२५

प्रिय आत्या,

तुला जे हवंय ते मी लिहू शकत नाही. तुझ्या कुरडयाच सांगतात की भीमाबाईच्या राबाने वणवा लागला नाही.

तूच बघ. सकाळी डोंगर गार असतो, वारा डोंगराकडून गावाकडे उतरतो. काठीतही तेच आहे. राबाचा धूर तुझ्या अंगणात आला, म्हणजे ठिणगी उडाली असती तरी गावाकडे आली असती, डोंगरावर चढली नसती. खाडीचा वारा त्या दिवशी उशिरा आला, तोवर तिने राबावर माती ओढून झालेली. वणवा डोंगराच्या पलीकडच्या अंगाने चढून माथ्यावर आलेला. तो तिकडे कोणी लावला ते मला कळू शकत नाही, कदाचित कधीच कळणार नाही.

एवढंच आहे. बैठकीत हे वाचून दाखवलंस तर बरं होईल. तब्येत सांभाळ, दुपारची उन्हात जाऊ नको.

समीक्षा

१२ मे २०२५

समीक्षा,

वाचलं. बैठकीत वाचून दाखवलं नाही.

तुमचं बरं असतं. कोणी लावला कळणार नाही, असं लिहिलं की झालं. माझा पोर गेला आणि कोणाचंच नाव नाही? मी कोणावर रागवू, वाऱ्यावर? तू माझ्या भावाची लेक, म्हणून तुला विचारलं. भावजी म्हणाले, शिकलेली माणसं अशीच दोन्हीकडून बोलतात.  वरकस काढून घ्यायचं ठरलं तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मी मान हलवली. घर तेवढं राहू दिलं, बाळंतीण आहे म्हणून.

गावाने शाळेपाशी प्रणितचा बॅनर लावलाय. गाव वाचवणारा वीर, असं लिहिलंय. फोटो तू लिहिलेला तोच आहे, गच्चीवरचा. कोणाच्या मोबाईलमधून घेतला कोण जाणे. मागे तुझी काठी दिसते.

एक गोष्ट सांग. खाडीचा वारा डोंगर चढतो, हे मला जन्मापासून ठाऊक आहे. विनीत सांगतो की आग प्रणितवर आली तेव्हा खाडीचा वारा सुटला होता. मग आग माथ्यावरून खाली उतरली कशी? चढत्या वाऱ्यात आग उतरत नाही. माझा पोर माथ्याच्या बराच खाली सापडला, गुरांच्या वाटेवर. याचं उत्तर तुझ्या पत्रात नाही.

मालू

१५ नोव्हेंबर २०२५

समू,

पावसाळा गेला, गणपती गेले, दिवाळी गेली, तुझं पत्र नाही. राखीपौर्णिमेला प्रणितची राखी तू दरवर्षी पाठवायचीस, या वर्षी पाकीट आलं नाही तेव्हा मी पोस्टमनवर ओरडले. मग आठवलं.

मी तुला कडू लिहिलं म्हणून रुसली असशील असं आधी वाटलं. पण तू रुसणारी नाहीस, लहानपणापासून ओळखते. तू उत्तर देत नाहीस म्हणजे तुझ्याकडे उत्तर आहे. मेचं पत्र मी इतक्यांदा वाचलंय की घडीवर फाटलंय. त्यात ‘एवढंच आहे’ असं लिहून मला उन्हात जाऊ नको सांगतेस. तू कधी असं तोडून लिहीत नाहीस.

वरकस या वर्षी पडीक राहिलं. भावजींना कसायला वेळ कुठला. कमरेएवढं गवत माजलंय, चैतात ते पण पेटेल. भीमाबाई, तिचा नवरा गोपीनाथ, लेक, तान्हं पोर, सगळी दिवाळीनंतर घराला कडी घालून कल्याणच्या खाडीकडे वीटभट्टीवर गेली. जाताना ती माझ्या दाराशी थांबली. मला वाटलं, आता शिव्याशाप देणार. तिने फक्त विचारलं, वैनी, जेवता ना वेळेवर? मी दार लावून घेतलं.

तेव्हापासून मला झोप नाही. माझ्या आगीत मी त्या बाईला ढकललंय का, हे मला कळायला हवं. जे असेल ते लिही. पोर गेल्यावर आणखी काय जायचं राहिलंय माझं?

आत्या

३० नोव्हेंबर २०२५
टेंभी नाका, ठाणे

आत्या,

मी घाबरले होते. मेमध्येच मला कळलेलं आणि मी तुझ्यापासून लपवलं. आता लिहिते. हे वाचताना कोणीतरी जवळ असू दे, पण भावजी नको.

वारा आपल्याला सरळ वाटतो, तसा तो नसतो. भात शिजताना पातेल्यात दाणे तळातून वर येतात नि कडेने खाली जातात ना, तशी दुपारी तापलेली हवा जमिनीवरून उठते आणि वरची खाली येते. या उलथापालथीत खाडीचा वारा आला की तो एकदम येऊन बसत नाही. एक झुळूक येते, मरते, डोंगराकडचा वारा पुन्हा मान वर काढतो, मग दुसरी झुळूक येते. त्यात खाली आग असेल तर ती स्वतःच हवा ओढून घेते, मग वारा कुठून कुठे फिरेल याचा नेम नसतो. त्या दिवशी काठीत हे सगळं दिसतं. पहिली झुळूक आली, आणि लगेच पेटीत नवा धूर आला, माथ्यावरचा नव्हे, जवळचा, खालच्या गवताचा. मग झुळूक मेली. थोडा वेळ वारा डोंगरावरून जोरात उतरला. नंतर खाडीचा वारा बसला तो संध्याकाळपर्यंत.

तो नवा धूर कसला ते मला कळेना. म्हणून मी कोपरला, विनीत आता राहतो त्या खोलीवर गेले.  चहा आणतो म्हणून उठला आणि दारातच रडायला लागला. मग त्याने सांगितलं. माथ्यावरची आग झोडपून आटपेना, तेव्हा प्रणितने खाली गुरांच्या वाटेवर येऊन वाटेच्या वरच्या अंगाचं गवत पेटवलं. खाडीचा वारा ते वर ढकलील, दोन आगी एकमेकींना भिडतील आणि विझतील, असा त्याचा हिशेब होता. हिशेब बरोबर होता. शेवटी झालंही तसंच, म्हणून खालचं सगळं वाचलं. पण मधल्या त्या उतरत्या वाऱ्यात त्याचीच आग त्याच्यावर आली. धुरात त्याला विनीतही दिसला नाही आणि वाटही दिसली नाही.

विनीत म्हणाला, गावाने त्याला वीर केलं, आता मी कसं सांगू की त्याने स्वतःच लावलेल्या आगीत...

आत्या, ती चूक होती, पण ती कोणाकडूनही झाली असती. माझ्याकडे एवढी यंत्रं आहेत, मलाही त्या क्षणी सांगता आलं नसतं. मी गप्प बसले कारण तुझ्याकडे त्याचं नाव तेवढं उरलंय असं मला वाटलं. त्या गप्प बसण्यात भीमाबाईचं एक पीक गेलं, हे मला तुझ्या पत्रातून कळलं. तू माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल.

समीक्षा

४ एप्रिल २०२६

समूबाय,

तुझ्या पत्राला चार महिने उत्तर दिलं नाही, फिट्टंफाट झाली समज. वर्षश्राद्ध होईपर्यंत मी कोणाला काही बोलायचं नाही ठरवलेलं. ते झालं, आता लिहिते.

तुझं पत्र मी विहिरीवर जाऊन एकटीने वाचलं. त्यात तू ‘चूक’ लिहिलंयस, तो शब्द मी पेनाने खोडलाय. तू वाऱ्याचं सगळं बरोबर लिहिलंस, पण प्रणितचं नाही. पहिल्या झुळुकीला आमच्यात कोणी काडी ओढत नाही. एक जाऊ द्यायची, दुसरी जाऊ द्यायची, तिसरीला पण हात वर करून बघायचं, मग लावायचं. पाच वर्षांचा असल्यापासून तो माझ्याबरोबर बांधावर बसून झुळका मोजायचा, कंटाळायचा, आई लाव ना म्हणायचा. त्याला हे ठाऊक नव्हतं असं होऊच शकत नाही. मग तो का थांबला नाही? मी गुरांच्या वाटेवर जाऊन उभी राहिले. वर्षभर पाय उचलला नव्हता तिकडे. तिथून खाली बघितलं तर पायाशी एकच घर आहे. त्यात त्या दिवशी बाळंतीण होती आणि तान्हं पोर होतं. थांबायला वेळ नव्हता, गो. त्याने ओळखून केलं.

आणि मी तुला लिहिलं होतं, माझा पोर गेला नि तिचं घर वाचलं. खरं तेच लिहिलं होतं, उलटं समजून.

श्राद्धानंतर मी भावजींना म्हटलं, बैठक बोलवा. देवळात सगळे जमले. मी उभी राहिले. म्हटलं, वणवा भीमाबाईने लावला नाही. तो पलीकडून आला. आणि या बाजूची काडी माझ्या प्रणितने ओढली, तिचं घर वाचवायला. विनीत कोपरहून आलेला, त्याला विचारा. विनीतने मान खाली घातली आणि हो म्हणाला. भावजी म्हणाले, वैनी, मेलेल्या पोराचं नाव घालवतेस. मी म्हटलं, घालवत नाही, त्याने काय केलं तेवढं सांगते. वरकस त्या माणसांचं त्यांना परत द्या. बरीच कुजबूज झाली. कोणी म्हणालं, मग त्याला कसला वीर म्हणायचं. दुसऱ्या दिवशी शाळेपाशी नुसत्या बांबूच्या काठ्या होत्या. बॅनर कोणी काढला ते मी विचारलं नाही. घरी येऊन खूप रडले, हे तुलाच सांगते.

मग विनीतला घेऊन कल्याणला भट्टीवर गेले. भीमाबाई विटा उलटत होती, मला बघून पदर सावरला. मी सगळं सांगायला सुरुवात केली, तुझी काठी, झुळूक, प्रणितने काडी ओढली ते. तिने मला अर्ध्यातच थांबवलं.

म्हणाली, “वैनी, मी दारातच उभी होते. त्याला काडी ओढताना मी बघितलंय. मनालीला बाहेर काढा, असं ओरडत होता तो.”

मी विचारलं, मग वर्षभर बोलली का नाहीस? गावाने तोंडं फिरवली, वरकस गेलं, तरी गप्प का राहिलीस?

ती म्हणाली, “तुमच्याकडे त्याचं नाव तेवढंच राहिलेलं. ते मी कुठे घेऊ?”

समू, तू मला वाचवायला गप्प बसलीस, विनीत गप्प बसला, ती बाई तर भट्टीवर जाऊन गप्प बसली. आणि मी एकटी सगळ्यांना ओरडत होते. मी तिथेच विटांवर बसले. तिने तांब्याभर पाणी दिलं, तिच्या लेकीने पोर माझ्या मांडीवर ठेवलं. वर्षाचं झालंय, पाय टाकायला बघतं. मला त्याचा राग आला नाही. मला वाटलं होतं येईल.

परवा ती सगळी परत आली. वरकसातलं गवत कापून आम्ही दोघींनी राब रचला. लेकरू माझ्या घरी ठेवलं, म्हणजे धुराचा प्रश्न नाही. दुपारी बांधावर बसलो. खाडीची पहिली झुळूक आली, ती जाऊ दिली. मग डोंगराकडचा वारा आला, तू लिहिलंस तसा. एवढाच वेळ होता तो, समू. एवढ्याच वेळात गेला तो. दुसरी झुळूक जाऊ दिली. तिसरीला मी हात वर केला, वारा बसला होता, पण काडी माझ्याने ओढवेना. भीमाबाईने माझ्या हातातून काडेपेटी घेतली आणि राब लावला.

आता तो फोटो मोठा करून पाठव. काठी मागे दिसते तोच.

तुझी
मालूआत्या